सुझुचं आठवं वर्ष

कामिदानी, ८ जानेवारी

चिहारु बाळा,

छपरावरचा बर्फ आज दुपारी एकदाचा धप्पकन खाली आला आणि सातही कुत्र्यांनी मिळून त्याच्यावर भुंकून घेतलं. इकडची थंडी यावरून काय ती समजून घे.

तुझं नववर्षाचं कार्ड पोचलं. ससा छान काढलायस, पण खाली 'ससा' असं लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. मी बराच वेळ गाढव समजत होते. झाडावरचे पर्सिमन वाळवलेत ते आणि घरच्या कुटलेल्या भाताची मोची पाठवतेय. मोची भाजून खा, त्या दुकानातल्या थंडगार भाताच्या गोळ्यांवर जगू नकोस. तुझा बाप ओसाकात तेच करतो आणि मग पोट धरून बसतो. माझा धाकटा भाऊ असला म्हणून काय झालं, आता साठी उलटली त्याची.

पहिल्या तारखेला सकाळी नेहमीसारखा सगळ्यांना पळी-पळी भात वाढला, वर चिमूटभर सुके मासे. मी एक्क्याऐंशीची झाले. सुझु आठ वर्षांची झाली. आणि बातमी अशी की ती पोटुशी आहे! खालच्या गावातल्या मोरिवाकींचा नर आणला होता, तुला आठवेल त्याचा आजा, तुझी चप्पल पळवायचा तो. फेब्रुवारीच्या अखेरीस पिल्लं होतील. एक तुझं. घरमालक कुत्रा ठेवू देत नाही हे मला सांगू नकोस, घरमालक बदलता येतो.

तुमच्या खात्यातले एक चष्मेवाले साहेब पंचायतीच्या सभागृहात नवे नियम समजावायला आले होते. पिंजरा कुत्र्याच्या दुप्पट लांब हवा, एका माणसामागे पैदाशीची पंधरापेक्षा जास्त कुत्री नकोत, असं बरंच काही. मला विचारलं, "तुमच्याकडे कर्मचारी किती?" मी म्हटलं, "सात शिबा कुत्री आणि त्यांची एक नोकर." सगळे हसले, साहेबांनी मात्र वहीत 'एक' लिहिलं. मला हे कळत नाही चिहारु, ज्यांनी ओलं पिल्लू कधी हातात धरलं नाही त्यांनी माझ्या अंगणात टेप का लावावी? पन्नास वर्षं मी हे करतेय. तू जनावरांची सरकारी डॉक्टर झालीस याचा मला अभिमान आहे, पण तुझ्या सरकारचा नाही.

मोजे पोचले. उबदार आहेत. एक सुझुने नेला.

तुझी
किनुए आत्या

———

१४ जानेवारी

आत्या,

पर्सिमन मिळाले. एका बैठकीत सहा खाल्ले.

एक विचारायचं होतं. सुझुचं वय तू नीट लिहिलंस ना? आठ? कधी कधी गडबडीत आकडा चुकतो. एकदा नीट आठवून कळव. पिल्लांची तारीखही कळव. आणि हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

तब्येतीला जप.

चिहारु

———

कामिदानी, २२ जानेवारी

चिहारु,

हवेबद्दल एक शब्द नाही, थंडीची चौकशी नाही, थेट 'एक विचारायचं होतं'! पाकीट उघडलं तेव्हा वाटलं घरात कोणीतरी गेलं. पत्र कसं सुरू करायचं हे मीच तुला शिकवलं होतं, जेवायच्या टेबलाखाली सुझुच्या आजीला टेकून बसायचीस तेव्हा.

आणि गडबडीत आकडा चुकतो म्हणजे काय? माझं डोकं फिरलंय असं सरळ विचार की. कान गेलेत, गुडघे गेलेत, डोकं जाग्यावर आहे. सुझु आठ वर्षांची आहे. ती झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. अंगणात वर्षअखेरची मोची कुटणं चालू होतं, मी हाताला पीठ लागलेलं तसंच घेऊन धावले होते. तिच्या कपाळावर अजून त्या पिठाचा ठिपका आहे असं मी सगळ्यांना सांगते. तो पांढरा ठिपका जन्मजात आहे हे मलाही माहीत आहे, पण सांगायला काय जातं.

तिची ही चौथी खेप. आधीच्या तीनही वेळा मी एक वर्ष मध्ये सोडलं. माझ्या बापाने घालून दिलेली शिस्त आहे ती. तुझ्या वहीत तिला कुठला रकाना आहे का?

'कुणाला दाखवू नकोस' म्हणे. मी कुणाला दाखवणार? कुत्र्यांना वाचता येत नाही.

आत्या

ता. क. रागात लिहिलंय, पण मोची संपली असेल तर कळव. अजून आहे.

———

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

इथे काल पाऊस आणि बर्फ दोन्ही एकदम पडलं, रस्ते निसरडे झालेत. सायकल बंद, चालत जाते. झालं का हवेचं? आता माफ कर आणि पूर्ण वाच.

मी गोल गोल विचारलं, कारण सरळ विचारायचा धीर नव्हता. नवा नियम असा आहे की कुत्री सहा वर्षांपर्यंतच पैदाशीला वापरायची. आधीच्या खेपा कमी असतील तर सातव्या वर्षापर्यंत सवलत आहे. आठव्याला काहीच नाही. आणि तू स्वतःच्या हाताने मला दोनदा लिहून दिलंस की सुझु आठ वर्षांची आहे.

एप्रिलमध्ये बदल्या होतात हे तुला माहीत आहे. या वेळी माझं नाव तुमच्या खोऱ्याच्या कचेरीसाठी चर्चेत आहे. म्हणजे उद्या 'मला माहीत नव्हतं' असं मला म्हणता येणार नाही. तुझी फाईल आत्ताच मागवून बघता आली असती. मागवली नाही. नात्यातल्या माणसाची फाईल चोरून बघणं बरोबर नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे, बघितली की नक्की कळलं असतं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही किनाऱ्याकडच्या एका पैदासवाल्याच्या शेडवर गेलो होतो. तुला सांगितलं नाही. पिंजऱ्यावर पिंजरे, तीन मजले. एक कुत्री मी उचलून बाहेर गवतावर ठेवली तर ती एकेक पाय वर उचलत उभी राहिली. तिला गवत माहीतच नव्हतं गं. दुसरी एक म्हातारी होती, दहा वेळा व्यालेली. तिचा जबडा माझ्या बोटांखाली हलत होता, हाडात काही उरलंच नव्हतं. तिच्या कागदावर वय लिहिलं होतं आठ. त्यानंतर आठ हा आकडा दिसला की मला तो जबडा आठवतो.

त्या शेडचा मालकही म्हणाला, "मी तीस वर्षं हे करतोय." तू त्याच्यासारखी नाहीस. मला माहीत आहे. आई गेल्यावर चार वर्षं मी तुझ्याकडे होते, तुझ्या कुत्र्यांच्या पाठीला पाठ लावून झोपायचे. पण नियम लिहिताना 'किनुए आत्या सोडून' असं लिहिता येत नाही. आणि खोटं लिहिणं मला जमणार नाही. तूच शिकवलेलं आहे तेही.

मला फक्त भीती वाटते. तुझ्या दारावरची नोंदणीची पाटी जाईल याची वाटते, आणि सुझुची त्याहून जास्त वाटते. या वयाला बाळंतपण जड जातं. खालच्या गावातल्या डॉक्टरांना बोलावून ठेव. एवढं तरी ऐक.

आज सेत्सुबुनचा सण, हिवाळा संपला म्हणायचा. वयाइतके भाजलेले सोयाबीन खाशील ना? दात सांभाळून खा.

तुझी
चिहारु

———

२० फेब्रुवारी

आत्या,

थंडी तिकडे वाढली असं बातम्यांत सांगितलं.

तीनदा फोन केला. एकदा तू उचललास, "बरी आहे" म्हणालीस आणि ठेवलास. माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण सुझु कशी आहे ते लिही. एक ओळ चालेल.

चिहारु

———

कामिदानी, २७ फेब्रुवारी

चिहारु बाळा,

बर्फ वितळायला लागलाय. ओढ्याचा आवाज परत आला.

रागावले नव्हते. लाज वाटत होती. 'मी तीस वर्षं हे करतोय' असं तो माणूस म्हणाला, आणि दीड महिन्यापूर्वी तेच वाक्य मी तुला ऐटीत लिहिलं होतं, वर वीस वर्षं वाढवून. तुझं पत्र मी वाण्याच्या पावतीसारखं घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचलं आणि तीन आठवडे तसंच वागवलं.

सुझु परवा सकाळी व्याली. डॉक्टरांना निरोप दिला होता, पण ते घाट चढून येईपर्यंत तिने वाट बघितली नाही. पहिली दोन सुखरूप आली. तिसरं पायाळू होतं. मागचे पाय बाहेर, बाकी सगळं अडकलेलं. असली पिल्लं मी आयुष्यात पंधरा-वीस तरी ओढून काढली असतील. पण या वेळी माझी बोटं थरथरत होती. पकड बसेना. सुझु माझ्याकडे बघत होती, ओरडत नव्हती, नुसती बघत होती. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं गं बाई, माझं चुकलं." मग कुठून जोर आला देव जाणे, पिल्लू आलं, पण गार आणि गप्प. मी ते टॉवेलात घासघास घासलं. बऱ्याच वेळाने शिंकलं. चौथं त्याच्या मागोमाग आपलं आपण आलं. चारही जिवंत आहेत. सुझुने काल भात खाल्ला. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, ठीक आहे.

आता दुसरी गोष्ट. तू माझ्यासाठी खोटं लिहायचं नाहीस आणि खरं लिहायची वेळही तुझ्यावर यायची नाही. म्हणून मीच लिहिलं. तुमच्या कचेरीला काल रजिस्टर पत्र टाकलं. त्याची नक्कल:

'मी कामिदानी येथील पैदासवाली किनुए. माझी कुत्री सुझु हिचे वय आठ असताना तिला नर दाखवला व तिला चार पिल्ले झाली. नियम मला माहीत नव्हता, पण पंचायतीतल्या सभेत मी लक्ष देऊन ऐकले असते तर कळला असता. सभेत मी विनोद करत होते. जी शिक्षा असेल ती मला द्यावी. कुत्री व पिल्ले निर्दोष आहेत.'

शेवटचं वाक्य शेजारच्या नाकात्सुकाबाईंनी सुचवलं. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते.

पाटी उतरवायला लागली तर उतरवीन. तू स्वतःला दोष देऊ नकोस. मोजा सापडला, सुझुने पिल्लांच्या खाली अंथरलाय.

आत्या

———

८ मार्च

प्रिय, प्रिय आत्या,

इथे प्लमला कळ्या आल्यात, वारा अजून बोचरा आहे, आकाश निरभ्र आहे, आणि मी दोन दिवस आळीपाळीने रडतेय आणि हसतेय.

तुझं पत्र कचेरीत पोचलं. जे प्रकरण बघतात त्यांनी फाईल काढली, मग दुसऱ्यांदा काढली, मग तुझी भाची म्हणून मला खाली बोलावलं. "तुमच्या आत्याने स्वतःची तक्रार केली आहे," म्हणाले, "पण आम्हाला गुन्हा सापडत नाही."

सुझुच्या नोंदीवर जन्मतारीख तुझ्याच अक्षरात आहे. हेइसेई २८, म्हणजे २०१६, डिसेंबर २७. आत्या, ती सहा वर्षांची आहे! नर दाखवला तेव्हा तर सहाही पूर्ण व्हायची होती.

तू मोची कुटत होतीस त्या दिवशी ती जन्मली, तेव्हा तुझ्या मोजणीने एक. पाच दिवसांनी नवं वर्ष लागलं, तिने भात चाटला, झाली दोन. डोळेसुद्धा उघडले नव्हते तिचे! तिथून दर पहिल्या जानेवारीला एकेक वाढवत आलीस तर आठ होणारच. आमच्या साहेबांनी हे ऐकलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्यांची आईही शेवटपर्यंत असंच मोजायची म्हणे. तेच चष्मेवाले साहेब. 'कर्मचारी एक' वाले.

आणि मी! मला कळायला नको? तुझ्या घरात पहिल्या जानेवारीला भात खाऊन मी अकरा वर्षांची झाले होते, आणि शाळेत जाऊन बाईंशी भांडले होते की मी नऊ वर्षांची नाहीच. तू स्वतःला एक्क्याऐंशी लिहिलंस तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही, तुझ्या विम्याच्या कागदावर एकोणऐंशी आहे हे माहीत असून. मला वाटलं, माणसांचं वय तू तसं मोजतेस. कुत्र्यांचंही तसंच, हे विसरले. ते वाडग्यांच्या रांगेत आमच्याबरोबर बसायचे हे विसरले. त्या शेडमधला आठ डोक्यात घेऊन मी तुझा आठ वाचला. आत्या, मला माफ कर. तीन आठवडे तुला कमरेला ते पत्र बांधून फिरायला लावलं.

सोबत कचेरीचं उत्तर येईल: 'नियमभंग आढळला नाही.' शिक्का मोठा आहे. तुझी पाटी जागच्या जागी राहील. नियमाप्रमाणे सुझुला अजून एक खेपही घेता येईल, हे साहेबांनी मुद्दाम सांगायला सांगितलं.

आणि हो, माझी बदली झाली. एक एप्रिलपासून तुमच्या खोऱ्यात. तुझी फाईल मात्र नात्यामुळे माझ्याकडे येणार नाही, ती तिथल्याच कचेरीतल्या साकाउएंकडे जाईल. ते कुत्र्यांना घाबरतात. त्यांच्याशी नीट वाग.

तुझी
(तुझ्या मोजणीने तेहतीस वर्षांची)
चिहारु

———

कामिदानी, २१ मार्च

चिहारु बाळा,

उबदार दिवस आहे. आज दिवस-रात्र सारखी, म्हणून पितरांच्या पूजेला थडग्यांवर जाऊन आले, तुझ्या आईला ओहागीचे गोड भाताचे गोळे ठेवले, दोन मी खाल्ले. कावळ्यांपेक्षा मी बरी.

कचेरीचं उत्तर आलं. नाकात्सुकाबाईंना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आता गावभर झालंय. दूधवाला काल विचारत होता, "आत्याबाई, दूध आजचं देऊ की तुमच्या मोजणीने परवाचं?" मी त्याला झाडू दाखवला.

तुला आमच्या मोजणीचं हसू आलं, येऊ दे. माझ्या बापाने मला सांगितलं होतं की पिल्लू डोळे मिटून आईच्या पोटात असतं ते दिवसही त्याने जगलेलेच असतात, आणि आईने त्याच्यासाठी काढलेलेच असतात. म्हणून जमिनीवर पडताक्षणी एक म्हणायचं. ते पहिलं वर्ष आईच्या नावाचं. तुझं सरकार ते धरत नाही. नाही तर नाही. त्या शेडमध्ये जाऊन त्या म्हातारीचा जबडा हातात घेणारं कोणीतरी हवंच होतं, आणि ते सरकारनेच पाठवलं. तुलाच पाठवलं. मी सभेत हसले ते चुकलंच.

पण सुझुला अजून एक खेप घ्यायची मुभा आहे म्हणालीस ना, ती मी घेणार नाही. ती सहाची का आठची हे तुम्ही ठरवा. त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी तिला 'माझं चुकलं' म्हटलंय, आणि ते मी कागद आला म्हणून परत घेणार नाही.

आणि तुझ्या नियमांत एक गोष्ट राहून गेलीय. साहेबांना सांग. कुत्रीचं वय विचारता, पैदासवालीचं कुणीच विचारत नाही. माझे हात थरथरले, चिहारु. एक्क्याऐंशी म्हण नाहीतर एकोणऐंशी, त्या पिल्लाला काय फरक पडत होता? तुला हे लिहायचं नव्हतं. खरं तर शरद ऋतूतच ठरवलं होतं की हे शेवटचं वेत. सुझुचं एक पिल्लू तुझ्याकडे असावं, मी गेल्यावर तुझ्या पाठीला पाठ लावायला कोणीतरी असावं, एवढ्या हट्टापायी तिला नर दाखवला. जानेवारीत तसं लिहिलं असतं तर तू लगेच गाडीत बसून आली असतीस आणि माझा रक्तदाब मोजत बसली असतीस.

काल व्यवसाय बंद करत असल्याचा कागद भरला. साकाउए स्वतः आले होते तो न्यायला. कुंपणाबाहेर उभे राहून हात लांब करून घेतला बिचाऱ्यांनी. सुझुने त्यांच्याकडे बघून जांभई दिली, त्याचीही त्यांना भीती वाटली. सातही कुत्री माझ्याकडेच राहतील. पिल्लांपैकी दोन मोरिवाकींकडे जातील, एक दूधवाल्याकडे, त्याची तेवढीच शिक्षा.

पायाळू आलेलं ते तुझं. मुलगी आहे. अजून झोपेत शिंकते. दोन महिने आईपाशी राहू दे, नियमही तसाच काहीतरी आहे ना? तोवर तू घर शोध. आणि नाही सापडलं तर तुझी वरची खोली आहेच, मी आतली पेटी हलवून ठेवलीय. तुझं वाडगंही सापडलं. एका कडेचा टवका उडालाय, तो तूच उडवला होतास, अकरा वर्षांची असताना.

पाटी उतरवली. खिळा पक्का आहे, तसाच ठेवलाय. एप्रिलमध्ये इकडे पाऊस असतो, आलीस की रेनकोट त्यावर टांग.

तुझी
किनुए आत्या